सुकाणू, उलांडी आणि काथ्याची गाठ : होडीच्या दुरुस्तीतून वाचलेला भाषेचा इतिहास

आपल्या चळवळीत दर काही वर्षांनी एक सुकाणू समिती नेमली जाते. बेळगावात नेमली जाते, तशीच इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा आणि हैदराबाद येथील मराठी मंडळांतही नेमली जाते. या समित्यांवर बसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी खरे सुकाणू कधी हाताळलेले नसते. काहींनी समुद्रही सहलीपुरताच पाहिलेला असतो. तरीही हा शब्द कोणाला अडत नाही. मूळचा अरबी ‘सुक्कान’ किनाऱ्यावर उतरला, खलाशांच्या तोंडी ‘सुकाणू’ झाला, घाट चढून देशावर आला आणि तेथून नर्मदेपलीकडेही गेला. होडीच्या पिछाडीला टांगलेल्या एका फळीने केलेला हा प्रवास आहे.

प्रस्तुत लेख त्या फळीविषयी आणि तिच्यासारख्याच होडीवरील इतर जोडकामांविषयी आहे. खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात मासेमारी करणारी छोटी होडी डोळ्यांसमोर आणावी. तिचा सांगाडा एकदा घडला की दीर्घकाळ टिकतो. पण वल्ह्यांच्या खुंट्या, डोलकाठीचा आधार, सुकाणूची बिजागरी, दोर अडकवण्याचे खुंटे आणि उलांडीच्या बांधण्या मात्र दरवर्षी खिळखिळ्या होतात, दुरुस्त होतात, बदलल्या जातात. माझे म्हणणे असे की, किनाऱ्यावरील भाषेचा इतिहास या दुरुस्त्यांत फार स्पष्ट वाचता येतो. आणि ज्या वस्तूची दुरुस्ती थांबते, तिचा शब्दही थोड्याच काळात थांबतो. ही गोष्ट मला प्रथम ग्रंथांतून उमगली नाही. ती एका दाव्यातून उमगली.

‘लाकडाचा तुकडा’

माझे आजोळ कारवारजवळ, काळी नदीच्या उत्तर तीरावरील सदाशिवगडचे. त्या ओळखीने सुमारे पंधरा वर्षांपूर्वी तेथील एक मच्छीमार गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांची होडी लहान, आंब्याच्या खोडातून कोरलेली आणि वर फळ्या चढवलेली होती. कर्ज काढून तिची डागडुजी केलेली असल्यामुळे तिचा विमा उतरवलेला होता. नदीच्या मुखाशी पुराबरोबर आलेला एक ओंडका होडीवर आदळला, उलांडी तुटून वाहून गेली, होडी कलंडली आणि तिच्यातील सामान गेले. सुदैवाने माणसे वाचली. विमा कंपनीने भरपाई नाकारली. कारण असे दिले होते की, होडीचे मूळ अंग शाबूत असून तिला बाहेरून बांधलेले एक सुटे लाकूड तेवढे नाहीसे झाले आहे, आणि सुट्या सामानाला विम्याचे संरक्षण नाही.

कागदपत्रे चाळली तेव्हा घोटाळा कोठे झाला ते कळले. मच्छीमाराने जबाब आपल्या कोंकणी बोलीत दिला होता. लिहून घेणाऱ्या कारकुनाने तो कन्नडमध्ये उतरवला. ‘उलांडी’ या शब्दाला त्याच्याजवळ प्रतिशब्द नव्हता, म्हणून त्याने ‘मरद तुंडु’, म्हणजे लाकडाचा तुकडा, असे लिहिले. इंग्रजी भाषांतरात त्याचे सुटे लाकूड झाले. कारकुनाचा हेतू वाईट नव्हता. एका भाषेतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जाताना होडीचे एक अंगच गळून पडले होते, इतकेच.

ज्यांनी ही होडी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी उलांडी म्हणजे काय ते सांगणे अवश्य आहे. कोरीव होडी अरुंद असते. एकाच बाजूला दोघे जण जाळे ओढू लागले की ती कलंडते. म्हणून होडीवर दोन वाकड्या काठ्या आडव्या बांधून त्या एका बाजूला पाण्यावर काही हात पुढे नेतात आणि त्यांच्या टोकांना पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा एक लांबट ओंडका होडीला समांतर बांधतात. हीच उलांडी. होडी त्या बाजूला झुकली तर हा ओंडका तरंगून तिला उचलतो. उलट बाजूला झुकली तर त्याचे वजन तिला खाली ओढते. उलंडणे म्हणजे कलंडणे. त्या क्रियापदाशी या शब्दाचे नाते कानाला लगेच जाणवते. उलांडीवाचून ही होडी चालवता येत नाही. आमच्या अशिलाने पहिल्याच भेटीत मला हे एका वाक्यात सांगितले होते : “उलांडी काडल्यार होडी खंय उरता, सायबा?” उलांडी काढली तर होडी उरते कुठे?

वकिलाला अशा वेळी कायद्याचे पुस्तकच जवळचे. १८७२ च्या भारतीय साक्ष्य कायद्याच्या ९८व्या कलमात एक सुंदर तरतूद होती. परकीय, कालबाह्य, तांत्रिक, स्थानिक आणि प्रांतिक शब्दांचा अर्थ दाखवण्यासाठी पुरावा देता येईल, असे ते कलम सांगत असे. त्याखालचे उदाहरण विद्यार्थिदशेत सर्वांनी वाचलेले असते : एक शिल्पकार आपले सर्व ‘मॉड्स’ विकण्याचा करार करतो; त्याच्याजवळ मॉडेल्सही आहेत आणि मॉडेलिंगची हत्यारेही; तेव्हा त्याला काय विकायचे होते, हे दाखवणारा पुरावा देता येतो. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. ग्राहक मंचाला साक्ष्य कायदा काटेकोरपणे लागू नव्हता, पण तत्त्व तेच होते. आम्ही एका वृद्ध मेस्ताला, म्हणजे होड्या बांधणाऱ्या सुताराला, साक्षीला आणले. त्याने कागदावर होडी काढून दाखवली, उलांडीच्या दोन्ही बांधण्यांच्या जागा सांगितल्या आणि त्या बांधण्यांसाठी होडीच्या काठावर मुळातच खाचा घेतलेल्या असतात, हे समजावून दिले. ज्या वस्तूसाठी सांगाड्यात खाचा ठेवाव्या लागतात, ती सुटी कशी म्हणावी? अर्ज अंशतः मंजूर झाला.

निकालापेक्षा त्या मेस्ताची साक्ष माझ्या अधिक लक्षात राहिली. अर्ध्या तासाच्या त्या कथनात अरबी, फारसी, पोर्तुगीज, कन्नड, संस्कृत आणि इंग्रजी या साऱ्या भाषांचे शब्द येऊन गेले, आणि त्यांपैकी एकही त्याला परका वाटत नव्हता. त्या शब्दांचा माग काढावा असे तेव्हापासून वाटत आले आहे.

शिवलेली होडी

पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या होड्या शिवलेल्या असत. फळ्यांच्या कडांना ओळीने भोके पाडायची, दोन फळ्यांच्या सांध्यावर काथ्याची किंवा तत्सम तंतूंची वळकटी ठेवायची आणि काथ्याच्या सुंभाने आतून-बाहेरून टाके घालून फळ्या एकमेकींना आवळायच्या, अशी ती पद्धत. मग भोके बुजवायची, सांध्यांत राळ आणि तेल भरायचे, वरून उंडीचे किंवा माशाचे तेल चोपडायचे. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझ येथे अशी जहाजे पाहिली आणि लोखंडी खिळ्यांऐवजी नारळाच्या काथ्याने शिवलेली म्हणून त्यांना नावे ठेवली. पण उथळ पाण्याच्या दृष्टीने या पद्धतीत शहाणपण होते. होडी लाटेबरोबर वाळूवर आदळते तेव्हा खिळ्यांनी जखडलेला सांधा फुटतो. शिवलेला सांधा किंचित लवतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. किंमत द्यावी लागे ती दुरुस्तीची. काथ्या कुजतो, म्हणून टाके ठरावीक काळाने उसवून नव्याने घालावे लागत.

यातच भाषेचा एक धडा आहे. वारंवार उसवावे लागल्यामुळे हे काम गावात कोणाला ना कोणाला येतच असे आणि त्याचे शब्दही फिरते राहत. खिळे आले, उसवण्याची गरज संपली आणि कौशल्यही आटत गेले. ही गोष्ट अलीकडेच प्रत्यक्ष दिसली. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून एक शिवलेले जहाज पुन्हा बांधावे, असे संस्कृती मंत्रालय आणि नौदल यांनी २०२३ मध्ये ठरवले. बांधणीचे काम गोव्यातील ‘होडी इनोव्हेशन्स’ या संस्थेकडे आले. मात्र टाके घालण्यासाठी केरळचे कारागीर आणावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते जहाज पाण्यात उतरले आणि २१ मे २०२५ रोजी कारवारच्या नौदल तळावर ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. चित्र महाराष्ट्रातले, बांधणी गोव्यातली, समारंभ कारवारचा, आणि हात केरळचे. आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे : या जहाजाला आजच्यासारखे पिछाडीला टांगलेले सुकाणू नाही, बाजूच्या मोठ्या वल्ह्यांनी ते वळवतात. ज्या शब्दाच्या नावाने आपण समित्या नेमतो, ती वस्तूसुद्धा होडीत नंतर बसवलेली सुधारणाच आहे.

परकी जोडकामे, आपले शब्द

सुकाणू अरबी. होडीचा मालक किंवा मुख्य तो नाखवा, हा फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा स्वामी. खलाशी अरबी वाटेने आला, बंदर आणि दर्या फारसी, मोसम अरबी. यांत सर्वांत गमतीदार शब्द नांगराचा. शेत नांगरण्याचा नांगर संस्कृत ‘लाङ्गल’पासून आलेला आणि होडीचा नांगर फारसी ‘लंगर’पासून. एक भूमीचा, एक पाण्याचा. मूळ वेगवेगळे, पण मराठीत येता येता दोघांचेही रूप एकच झाले. शेतकरी आणि कोळी एकच शब्द उच्चारतात आणि दोघेही तो आपला समजतात. दोघांचेही बरोबर आहे.

पुढे पोर्तुगीज आले. खिळ्यांनी जोडलेली जहाजबांधणी त्यांनी मोठ्या प्रमाणावर चालवली आणि तिच्याबरोबर नवी हत्यारे व नवी भांडी किनाऱ्यावर आली. होडीतले पाणी उपसण्याची बादली, पिण्याच्या पाण्याचे पिंप, पाणी खेचणारा बंब, मासळी वाहण्याचे घमेले, हे सारे शब्द पोर्तुगीज आहेत. किनाऱ्यावर मासळीचा होतो तो लिलाव पोर्तुगीज आणि खलाशाला मिळतो तो पगारही पोर्तुगीज. आमचा साक्षीदार मेस्त, ज्याला देशावर आपण मेस्त्री किंवा मिस्त्री म्हणतो, तोही पोर्तुगीज ‘मेश्त्र’, म्हणजे उस्ताद. बेळगावात घर बांधणारा मनुष्य सकाळी मिस्त्रीला बोलावतो, घमेले मागवतो आणि संध्याकाळी पगार वाटतो, तेव्हा तो चारशे वर्षांपूर्वीच्या गोदीतील भाषाच बोलत असतो.

या शब्दांचा पद्धतशीर शोध प्रथम घेतला तो गोव्याच्याच एका धर्मगुरूने. बार्देशातील आसगाव येथे १८५५ मध्ये जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरील आपला ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. वडोदऱ्याच्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे की, त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत वडोदऱ्याहूनच निघाले. किनाऱ्याचे शब्दधन जपण्यास समुद्रापासून दूर असलेले मराठी केंद्रही कसे उपयोगी पडते, याचे हे उदाहरण आहे.

देवाणघेवाण केवळ शब्दांची नव्हती, माणसांचीही होती. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या बाजूस जहाजे बांधण्यास घेतली, तेव्हा त्या कामावर रुय लैतांव व्हियेगश आणि त्याचा मुलगा यांच्या हाताखाली पोर्तुगीज मुलखातील कारागीर होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी आपल्या माणसांना फितवून परत नेले. पण मराठ्यांचे आरमार त्यामुळे थांबले नाही. काम शिकून घेणारे हात मागे उरले होते.

पुढे १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात जहाजांच्या लाकडाविषयी जे सांगितले आहे, ते प्रत्येक कायदेपंडिताने वाचावे असे आहे. सागासारखे लाकूड राज्यातील अरण्यातून परवानगीने तोडावे; आंबा-फणसाची झाडेही आरमाराच्या उपयोगाची आहेत, परंतु ती एका-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून धन्याला राजी करून आणि मोल देऊनच ती न्यावी, असा त्याचा आशय. आमच्या अशिलाची होडी आंब्याच्याच खोडाची होती, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

घाटावरचे लाकूड, किनाऱ्यावरची आगोट

समुद्र आमच्यापासून दूर आहे, असे खानापूर-हल्याळकडील वाचकाने म्हणू नये. काळी नदी जोयड्याच्या डोंगरात उगम पावते, दांडेलीवरून वाहते आणि सदाशिवगडाशी समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातील साग हाच किनाऱ्यावरील जहाजांचा कणा. १७९९ मध्ये टिपूच्या पाडावानंतर कानडा कंपनी सरकारच्या हाती आला, तेव्हा मुंबईच्या गोदीची नजर या जंगलांकडे वळली. आणि १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन याची मलबार व कानडा यांच्या जंगलांचा कॉन्झर्व्हेटर म्हणून नेमणूक झाली. जहाजाच्या पठाणासाठी, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईसाठी, लागणाऱ्या सागामुळे घाटावरील रयतेचा जंगलावरील हक्क आकसू लागला. पुढे जंगल कायद्याचे जे दावे आमच्या न्यायालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्यांचे एक मूळ असे समुद्रात आहे.

किनाऱ्यावरचा मच्छीमार मात्र आपले वर्ष पावसाने मोजत असे. पावसाळा तोंडावर आला की आगोट. होड्या वर ओढायच्या, नारळीच्या झापांनी झाकायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंतच्या काळात सर्व जोडकाम तपासायचे. झिजलेल्या खुंट्या काढून नव्या ठोकायच्या, सांध्यांतला जुना काथ्या उकरून नवा कोंबायचा, सुकाणूची बिजागरी घासायची, उलांडीच्या काठ्या बदलायच्या. मुले बापाला हत्यारे आणून देत आणि नावे शिकत. हीच भाषेची शाळा होती. तिला इमारत नव्हती आणि मान्यताही लागत नव्हती. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. कायद्याने आगोट राखली आहे. तिच्यात होणारे काम मात्र बदलले आहे.

काथ्याकडून बोल्टकडे

हा बदल कसा झाला, ते नीट पाहिले पाहिजे; कारण सुधारणा म्हणजे हानीच, असे मानणाऱ्यांतला मी नाही. काथ्याच्या जागी नायलॉनचा दोर आला. तो कुजत नाही आणि हलका असतो. परंतु काथ्या भिजला की फुगतो आणि गाठ आवळली जाते. नायलॉन भिजला की किंचित ताणतो आणि गाठ सैल पडते. उलांडीची बांधणी त्यामुळे ढिली होऊ लागली, म्हणून पुढची पायरी म्हणजे बोल्ट. बोल्ट सैल होत नाही, पण तो लवतही नाही. लाटेचा हिसका पूर्वी दोराच्या दहा वेढ्यांत वाटला जाई, तो आता एका भोकावर येतो आणि काठाची फळी तेथेच चिरते. साधा लोखंडी बोल्ट खाऱ्या पाण्यात गंजतो आणि भोवतालचे लाकूड कुजवतो. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा लागतो. तोही पितळेच्या वा ॲल्युमिनियमच्या तुकड्याला भिडला तर दोहोंतला दुबळा धातू खारे पाणी खाऊन टाकते. जाणता मेस्त म्हणून आतल्या बाजूने लाकडाचा रुंद ठोकळा देतो, मोठा वॉशर घालतो आणि भोक भरून घेतो, म्हणजे भार पसरतो. जुन्या बांधणीचे तत्त्व त्याने नव्या वस्तूत उतरवलेले असते. हीच खरी दुरुस्ती, आणि अशा दुरुस्तीत ‘बोल्ट’ आणि ‘वॉशर’ हे शब्दही सुकाणू-नांगरासारखेच आपले होऊन जातात. इंजिनाच्या फिरत्या पात्यांना किनाऱ्याने ‘पंखा’ म्हटले, ते याच सहजतेने.

मोठा बदल इंजिनाने आणि फायबरने झाला. १९५२ मध्ये केरळात सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पापासून यांत्रिक नौकांचे युग आले. सत्तरच्या दशकात पर्ससीन जाळी आली आणि किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायची रांपण मोडकळीस आली. गोव्यात रापणकारांनी मोठे आंदोलन केले. त्यानंतर सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले : गोव्याचा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा, कर्नाटकाचा १९८६ चा. मालवण, काणकोण आणि माजाळी येथील होडी एकच, तिच्यावरील गाबित आणि खारवी माणसे एकमेकांचे सोयरे, मासाही सीमा न मानणारा. कायदे मात्र तीन आणि अर्ज तीन भाषांत. त्या अर्जांत लांबी, रुंदी आणि अश्वशक्ती यांचे रकाने असतात. आमच्या मेस्ताच्या शब्दांसाठी त्यांत जागा नसते.

फायबरची होडी साच्यातून निघते. ती रुंद असल्यामुळे बहुधा तिला उलांडी लागत नाही. तिच्यावरचे जोडकाम तयार मिळते आणि बिघडले तर बदलले जाते. बदलणे सोपे असते, त्यात वेळ वाचतो, जीवही वाचतात. पण बदलताना वस्तूचे नाव लागत नाही. दुकानात जुना तुकडा दाखवला की नवा मिळतो. दुरुस्तीला मात्र नाव लागते, कारण दोन माणसांना एकमेकांशी बोलत ती करावी लागते.

होडीची दुरुस्ती आणि घटनेची

‘दुरुस्ती’ हा शब्दच मुळात फारसी ‘दुरुस्त’पासून आलेला, आणि मराठीने त्याला दुहेरी काम दिले आहे. आपण होडी दुरुस्त करतो आणि राज्यघटनाही दुरुस्तच करतो. मला या शब्दयोजनेत खोल अर्थ दिसतो. घटनादुरुस्ती म्हणजे जुनी घटना टाकून नवी आणणे नव्हे. सांगाडा ठेवून जोडकाम सुधारणे होय.

१९५६ ची सातवी घटनादुरुस्ती आपल्याला दोन कारणांनी आठवते. १८६२ पासून मुंबई इलाख्यात असलेला उत्तर कानडा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला, बेळगावही गेले. हे त्या पुनर्रचनेचे एक अंग. दुसरे अंग कमी आठवले जाते : त्याच दुरुस्तीने घटनेत ‘३५० अ’ आणि ‘३५० ब’ हे अनुच्छेद आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणे, आणि त्यांच्या संरक्षणासाठी विशेष अधिकारी नेमणे, हा त्यांचा विषय. सीमा सरकवताना निर्माण होणारी फट बुजवण्यासाठी कोंबलेला हा काथ्या होता. पुढे १९९२ मध्ये ७१व्या दुरुस्तीने कोंकणी आठव्या अनुसूचीत आली. कारवारचा मच्छीमार घरी कोंकणी बोलतो, त्याच्या आजोबांनी मराठी शाळेत अक्षरे गिरवली, नातू कन्नडमध्ये शिकतो. यांतील कोणती भाषा कोणाची, यावर भांडण्यापेक्षा होडीवरचे शब्द ऐकावेत. कन्नड ‘दोणि’ आणि मराठी ‘डोणी’ यांना जवळ बसवताना संस्कृत ‘द्रोणी’ आठवते. मराठी ‘होडी’ आणि कोंकणी ‘व्हडें’ एकाच धक्क्याला बांधलेली असतात.

काथ्या एकदा कोंबला म्हणजे कायमचा बसला, असे कधी होत नाही, हे मात्र किनाऱ्यावरचा पोरगाही सांगेल. दरवर्षी उकरून पाहावे लागते. अनुच्छेद कागदावर असतात. त्यांची आगोट आपण पाळतो का, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारला पाहिजे.

काही वर्षांनी आमचे ते अशील पुन्हा भेटले. त्यांच्या मुलाने फायबरची होडी घेतली होती. ती चांगली होती आणि मुलगा सुरक्षित होता, याचा त्यांना आनंदच होता. मी सहज मुलाला विचारले, तुमच्या जुन्या खटल्यातली ती वस्तू आठवते का? त्याने हाताने आकार करून दाखवला, पण शब्द त्याच्या ओठांवर आला नाही. बापाने क्षणभर वाट पाहिली आणि मग स्वतःच हळू आवाजात म्हटले, “उलांडी.”

ज्या शब्दासाठी आम्ही मंचासमोर साक्षीदार उभा केला, तो एका पिढीत घरातूनच निघाला होता. कोणी बंदी घातली नव्हती, कोणी फलक पुसला नव्हता. तो दुरुस्त करण्याचे कारण संपले होते, एवढेच.

म्हणून किनाऱ्यावरच्या आणि घाटावरच्याही वाचकांना माझी विनंती एका व्यवहारी गोष्टीपुरती आहे. जबाब, पंचनामा, करार, अर्ज यांत स्थानिक शब्द आला की तो गाळू नका आणि त्याच्या जागी ढोबळ प्रतिशब्द घालू नका. मूळ शब्द तसाच लिहा आणि पुढे त्याचा अर्थ एका वाक्यात द्या. कायदा त्याला परवानगी देतो. दीडशे वर्षांपासून देत आला आहे. आणि येत्या आगोटीत एखादा मेस्त काठाची फळी बदलत असेल, तर त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा, हाती येईल त्या वस्तूचे नाव विचारा आणि ते लिहून ठेवा. हत्यार आणून देणारे मूल नसेल, तर ते काम आपण करावे.